बकऱ्या हाकलण्याचा अखत्यार

बदली होऊन मी मलकापूरला आलो आणि स्टेशनाजवळच्या एका गल्लीत खोली घेतली. त्याच संध्याकाळी शेजारच्या शामरावांनी मला घडी केलेला एक कागद आणून दिला. मला वाटलं, शेजारधर्म म्हणून आत चिवडाबिवडा असेल. उलगडून पाहतो तर टाकानं लिहिलेला मजकूर.

"लिहून देणार शामराव, धंदा अर्जनविशी, यांजकडून लिहून घेणार शेजारी मास्तर यांस. कारणे मुखत्यारपत्र लिहून देतो की, मी कचेरीत गेलो असता माझ्या ओट्यावर गल्लीतील बकऱ्या चढतात व तुळस खातात. सदर बकऱ्या माझ्या गैरहजेरीत हाकलण्याचा पूर्ण अखत्यार तुम्हांस दिला आहे. तुम्ही हाकललेल्या बकऱ्या मी जातीने हाकलल्याप्रमाणे मला कबूल, मंजूर राहतील."

खाली सही, तारीख, आणि दोन साक्षीदार. एक किराणावाला, दुसरा बकऱ्यांचा मालक.

मी हसलो. आज ते हसू आठवलं की स्वतःची चीड येते, पण त्या दिवशी मी पोट धरून हसलो हे खरं आहे. हसू आवरून मी विचारलं, "काकाजी, तुमच्या घरात सूनबाई दिसल्या मला. त्या नाही का हाकलत?"

"तिले अखत्यार नाही," शामराव म्हणाले. "ते घराची मुखत्यार हाये. घर म्हंजे उंबऱ्याच्या आत. ओटा बाहीर येते."

"आणि मला कागद नसता, तर?"

"तं तुमी कायले हाकलसान? दुसऱ्याच्या ओट्यावरची बकरी हाकलणारे तुमी कोण?"

 माझी शाळा सकाळची. दुपारी मी घरीच असे. त्या दिवसापासून मी रीतसर नेमलेला माणूस म्हणून बकऱ्या हाकलू लागलो.

शामराव तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसत. समोर उतरतं मेज, दौत, टाक, आणि बुडाखाली पोत्याची घडी. खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा. पण अर्जांत त्यांचा जीव नव्हता. जीव होता मुखत्यारपत्रात. कोणी म्हातारा येऊन म्हणाला, "पाय चालत नाही, पोराच्या नावानं कागद करून द्या," की शामरावांचा चेहरा खुलत असे. टाकाला नवी निब लागत असे.

मुखत्यार या शब्दावर ते तासभर बोलू शकत. मी पाहुणा म्हणून ऐकलं, शेजारी म्हणून ऐकलं, आणि पुढं पुढं पळता येत नाही म्हणून ऐकलं. "पाहा मास्तर," ते सुरुवात करत, "परवानगी येगळी, हुकूम येगळा, मुखत्यारी येगळी. परवानगी मांगणाऱ्याले भेटते. हुकूम नोकराले भेटते. मुखत्यारी भरोशाच्या माणसालेच देतात. आपला हात काढून दुसऱ्याच्या खांद्याले लावून द्याचा, असा कागद हाये हा."

कोणी शब्द चुकीचा वापरला की ते रस्त्यात थांबवून दुरुस्त करत. एका कीर्तनात बुवा म्हणाले, देवानं राजाला शक्ती दिली. शामराव मांडीवरचा हात उचलून म्हणाले, "महाराज, शक्ती नाही. अखत्यार देल्ला. शक्ती बैलालेही असते." बुवांचा पुढचा अभंग बेसूर झाला. नवं राज्य आल्यावर कचेरीत नव्या मराठी शब्दांची यादी आली. तिच्यात अशा माणसाला 'प्राधिकृत' म्हणावं असं होतं. तो शब्द शामरावांनी चष्मा काढून वाचला, चष्मा लावून वाचला. मग म्हणाले, "दात पडेल म्हाताऱ्यानं हा शब्द कसा म्हणावा? आन मुखत्यारपत्र तं दात पडेल म्हाताराच देते!" तो शब्द आपण लिहिणार नाही, असं त्यांनी लिंबाखाली जाहीर केलं.

आणि प्रत्येक व्याख्यानाचा शेवट ठरलेला. तर्जनी वर करून ते सांगत, "देणारा मेला, का मुखत्यारी मेली. त्याच घडीले. मंग कागद सोन्याचा असो." एवढं बोलून ते दौतीचं झाकण लावत.

त्यांच्याजवळ स्वतःसाठी घेतलेलं एक मुखत्यारपत्र होतं. ते त्यांच्या मुलाचं, मधुकरचं. मधूला आजोळची थोडी जमीन मिळाली होती. लग्नाला वर्ष झालं नाही तोच तो कलकत्त्याकडे नोकरी शोधायला निघाला, आणि जाताना शेतीची कामं अडू नयेत म्हणून बापाच्या नावानं त्यानं कुलमुखत्यारपत्र करून दिलं. म्हणजे बापानंच लिहिलं आणि लेकानं खाली सही केली. गाडीची वेळ झाली होती, त्यानं वाचलंही नसेल. मी आलो तेव्हा त्याला जाऊन पाच वर्षं होत आली होती.

शामराव या कागदाचा वापर शेतीपुरता करते तर ते शामराव कसले? ते मधूच्या वतीनं देवळात दुसऱ्यांदा नमस्कार करत. मयताला गेले की खांदा दोनदा देत, एकदा आपला, एकदा त्याचा. आणि लग्नाच्या पंगतीत ते दोन पत्रावळी मांडायला लावत.

मी त्यांच्यासोबत पहिल्यांदा पंगतीला बसलो तेव्हा वाढणारा पोरगा नवा होता. त्यानं विचारलं, "हे दुसरी पत्रावळ कोनाची हाये?"

"मधूची."

"मधुभाऊ कोठी हायेत?"

"त्याचा मुखत्यार बसला हाये ना बे इथं! वाढ."

पोरगं वाढून गेलं. शामरावांनी आधी मधूची पत्रावळ संपवली, बुंदीचा दाणा न ठेवता. मग आपली. रात्रभर पोटात कळा. सकाळी मी ओवा घेऊन गेलो आणि चेष्टेनं विचारलं, "काकाजी, पोट कोणाचं दुखतंय? तुमचं की मधूचं?"

ते गंभीरपणे म्हणाले, "कागदाच्या हिशोबानं त्याचंच. पण ते पोरगं तेवढ्या लांब, त्याले कायले तरास? म्हणून मीच घेतलं अंगावर."

मी ही गोष्ट शाळेत सांगितली. सगळे मास्तर हसले. मी ती अनेकदा सांगितली.

मधूची पत्रं येत. दोन-अडीच महिन्यांनी एक. कचेरीच्या पत्त्यावर येतात असं शामराव म्हणत, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत. दाराआड सिंधू उभी असे. सिंधू म्हणजे त्यांची सून. उंच, सावळी, कमी बोलणारी. वय असेल तेविसाचं. उंबऱ्याच्या पलीकडे तिच्या पायांची बोटं तेवढी दिसत. पत्रात विशेष काही नसे. मी खुशाल आहे, काम फार आहे, सुटी मिळत नाही. सिंधूने थंडीचे दिवसांत पहाटे विहिरीवर जाऊ नये. तिने दूध घेत जावे, मामाजींनी नाही म्हटले तरी घ्यावे. वाचून झालं की शामराव पत्र आत देत आणि म्हणत, "घे वं, नवऱ्याचा हुकूम हाये, दूध पे."

एका संध्याकाळी त्यांच्या चष्म्याची काच फुटलेली. पत्र तर खिशात होतं. त्यांनी मला हाक मारली, वाचण्याचा अखत्यार तोंडी दिला, तातडीची बाब म्हणून, आणि कागद हातात ठेवला. मी पहिली ओळ वाचली आणि थांबलो. ते अक्षर माझ्या ओळखीचं होतं. 'म'च्या पोटातली ती गाठ, 'र'ची लांब शेपटी. माझ्या ट्रंकेत बकऱ्यांचा कागद होता, त्याच हातानं लिहिलेला.

शामराव माझ्याकडे पाहत होते. काच नसलेल्या चष्म्यातून त्यांना माझा चेहरा दिसत होता की नाही, देव जाणे. मी सगळं पत्र शेवटपर्यंत वाचलं. दूध घेत जावे, इथपर्यंत. दाराआडची बोटं हलली नाहीत.

त्यानंतर पंगतीची गोष्ट मला कोणाला सांगता आली नाही.

मधूला जाऊन सात वर्षं झाली, आठवं लागलं. नांदुऱ्याच्या शाळेत पुंडलिक मास्तर म्हणून माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते. बायको वारलेली, मूल नाही, माणूस सरळ. सिंधूच्या भावानं त्यांच्याकडे शब्द टाकला होता. सिंधूला विचारलं तर ती हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "मामाजीले विचारा." सात वर्षं ज्याची खबर नाही त्याच्या बायकोला कोर्टातून मोकळं होता येतं, हे मला ठाऊक होतं. मला ते शामरावांनीच शिकवलं होतं. लिंबाखाली बसून त्यांनी दुसऱ्यांच्या लेकीबाळींचे असे दोन अर्ज लिहिलेले मी पाहिले होते.

भाऊ बोलायला घाबरत होता. ते काम माझ्यावर आलं. मी एका रविवारी दुपारी ओट्यावर जाऊन बसलो आणि जमेल तसं बोललो.

शामराव उठून उभेच राहिले. "नवरा जित्ता असताना? मास्तर, तुमी शिकेल माणूस ना? सात वर्षं खबर नसली तं कायदा. इथं तं पत्रं येऊन राह्यले त्याचे!"

"काकाजी," मी म्हणालो, "ते अक्षर माझ्या ओळखीचं आहे."

ते आत गेले, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन बाहेर आले. घड्यांवर फाटलेलं, मागून पातळ कागद डकवलेला. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. मी वाचलं. 'माझ्या वतीने पत्रव्यवहार करणे व तो मी जातीने केल्याप्रमाणे मला कबूल, मंजूर राहील.'

"त्याच्या वतीनं लेहलं," ते म्हणाले. "अखत्यार हाये मले. खोटं नाही लेहलं. तो असता तं हेच लेहलं असतं. तिले दूध पे म्हटलं असतं का नाही?"

"पण तो कुठं आहे, काकाजी?"

"देणारा मेला असता तं मुखत्यारी मेली असती. मी लेहून राह्यलो ना? म्हंजे मुखत्यारी जित्ती हाये. म्हंजे..." पुढचं त्यांना म्हणता येईना. टाक धरून काळं पडलेलं ते बोट त्याच ओळीवर टेकलेलं होतं. एवढी वर्षं हा माणूस दोन पत्रावळी कशासाठी मांडत होता, ते मला त्या क्षणी कळलं, आणि आपण मास्तर म्हणून जन्मभर काय शिकवलं असं वाटून गेलं.

तेवढ्यात सिंधू उंबरा ओलांडून ओट्यावर आली. मी तिला ओट्यावर प्रथमच पाहत होतो. पदर डोक्यावरून, नजर खाली.

"मामाजी," ती म्हणाली, "मले पयल्या पत्रापासूनच मालूम हाये."

शामराव तिच्याकडे वळले. "मंग बोलली काऊन नाही वं?"

"तुमी वाचत, तवा तुमाले बरं वाटे." मग म्हणाली, "मी दूध बी पेत होती. तुमी विचारसान म्हणून."

शामराव खाली बसले. कागदाची घडी करायचा प्रयत्न करू लागले, पण ती घडी काही केल्या नीट बसेना. शेवटी सिंधूनंच त्यांच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि परत त्यांच्या हातात दिला.

चार दिवस त्यांनी लिंबाखाली दुकान लावलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी सिंधूचा जबाब स्वतःच लिहिला, सुंदर अक्षरात, वकिलाला द्यायला. एक शब्द खोडला नाही. पुढं यथावकाश तारीख लागली. आम्ही एसटीनं घाट चढून बुलडाण्याला गेलो. सगळ्या वाटेत कोटाच्या आतल्या खिशावर त्यांनी हात दाबून धरला होता. तो कागद तिथं आहे, हे मला न सांगता समजलं.

साक्षीत ते म्हणाले, "माझा मुलगा मधुकर याची सात वर्षांहून जास्त दिवस कोणास काही खबर नाही." हे वाक्य त्यांनी कचेरीच्या मराठीत म्हटलं, घरच्या बोलीत त्यांना ते म्हणवलं नसावं. मग घरी येणाऱ्या पत्रांची गोष्ट निघाली. ती आपणच लिहिली, असं त्यांनी सांगितलं. न्यायाधीश वयस्कर होते, मृदू बोलणारे. त्यांनी विचारलं, "ही पत्रं तुम्ही कोणत्या अधिकारात लिहिलीत?"

शामरावांचा हात खिशाकडे गेला. जन्मभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न भर कोर्टात त्यांना विचारला गेला होता, आणि उत्तर खिशात होतं, साक्षीदारांसह.  तो कागद पुढं आला असता तर मुलगा कागदोपत्री तरी अजून जिवंत धरला जातोय असं झालं असतं, आणि सिंधूचं गाडं पुन्हा अडलं असतं.

हात खिशावरून खाली आला. "अखत्यार नव्हता, साहेब," ते म्हणाले. "बापाचं मन राह्यलं नाही, म्हणून लेहलं."

परत येताना घाटात गाडी पाण्यासाठी थांबली. सगळे खाली उतरले. शामराव एका दगडावर बसले, तो कागद मांडीवर पसरला, माझ्याजवळची पेन्सिल मागून घेतली आणि कागदावर आडवं लिहिलं, 'रद्द'. संपलेल्या कागदांवर ते नेहमी लिहीत तसंच. मग मला पेन्सिल परत दिली.

निकाल झाला. सिंधूचं लग्न नांदुऱ्याला साध्या रीतीनं झालं. शामराव आले होते. पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसलो. वाढणाऱ्याला त्यांची सवय माहीत होती, त्यानं न सांगताच दोन पत्रावळी मांडल्या. शामरावांनी एक उचलून त्याच्या हातात परत दिली. जेवले मात्र अर्धंच.

त्यानंतरचे शामराव सांगण्यासारखे नाहीत. ते लिंबाखाली बसत, अर्ज लिहीत. लोक शब्द चुकीचे वापरत, ते ऐकून घेत. एकदा एका अर्जात त्यांनी 'प्राधिकृत' लिहिलेलं मी पाहिलं. मला ते पाहून रडू आलं. मी त्यांना छेडायला म्हणून म्हणालो, "काकाजी, हा शब्द?" ते म्हणाले, "काही बी लेहा मास्तर. कोन वाचते." मी घरी येऊन मुद्दाम त्यांच्यादेखत बकऱ्या हाकलल्या, आरडाओरडा करून. त्यांनी मान वळवली नाही. सिंधू महिन्यातून एकदा येई, भांडी घासून, दूध तापवून जाई. ती गेल्यावर ते दूध तसंच राही.

मग माझ्या बदलीचा हुकूम आला. मेहकरला. माझं गाव लोणारकडे, सुलतानपूर, त्यामुळे घर जवळ आलं म्हणून सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. निघायच्या आदल्या दिवशी शामराव माझ्या खोलीत आले. आजवर ते माझ्याकडे कधी रिकाम्या हातानं आले नव्हते, कागद असायचाच. त्या दिवशी नव्हता.

"मास्तर, एक काम होतं," ते म्हणाले. "पण लेहून देता येत नाही."

"का बरं?"

"मेल्यावरचं हाये. देणारा मेला का मुखत्यारी मरते. अग्नी द्याचं काम कागदावर कसं देऊ? मी लय इचार केला. कायद्यात जागा नाही त्याले." ते जमिनीकडे पाहत होते. "म्हणून तोंडीच सांगतो. भरोशावर."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "कबूल, मंजूर."

ते खूप दिवसांनी हसले. जाताना दारात वळून म्हणाले, "तोंडी बी चालते मंग."

पावणेदोन वर्षांनी किराणावाल्याचं कार्ड आलं, शामरावांनी अंथरूण धरलं आहे, निघून या, असं. मेहकरच्या शाळेला सुट्या लागल्या होत्या, मी गावी गेलेलो, कार्ड शाळेत पडून राहिलं. हातात पडलं तसा निघालो. पोचलो तेव्हा शामरावांना जाऊन चौथा दिवस होता. किराणावाल्यानं सांगितलं, सकाळी दार उघडलं नाही म्हणून लोकांनी ढकललं. सिंधू बाळंतीण होती, तिला येता आलं नाही. दुपारपर्यंत तुमची वाट पाहिली, मग गल्लीतल्याच कोणीतरी अग्नी दिला. कोणी, ते त्याला नीट आठवत नव्हतं.

"लास्टले तुमचंच नाव घेऊन राह्यले होते," तो म्हणाला. "मास्तर येतीन, मास्तरचं ठरलं हाये, असं."

मी त्यांच्या घराकडे गेलो. दाराला कुलूप होतं. ओट्यावर तीन बकऱ्या चढल्या होत्या आणि तुळशीचं नुसतं बुडखं उरलं होतं. मी सवयीनं हात उचलला आणि तसाच थांबलो. तो कागद अजून माझ्या ट्रंकेत होता, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. पण देणारा गेला होता, आणि त्यानंतर त्या कागदाचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको होतं. ज्या कामाला कागद नव्हता ते माझ्या हातून झालं नाही, आणि ज्याला कागद होता त्याचा अखत्यार संपला होता.

तरी मी बकऱ्या हाकलल्या. त्या उड्या मारून खाली उतरल्या. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन मागे पाहिलं, तर त्या पुन्हा वर चढल्या होत्या.